प्लग काढा, इंजिनाची जीभ पाहा



आपल्या मोहल्ल्यात दर दोन गल्ल्यांआड एखादे गॅरेज असतेच. दहावीनंतर शाळा सुटलेली कितीतरी मुले तिथे उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकतात. वर्गात शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारा मुलगा गॅरेजात नुसता आवाज ऐकून इंजिनाचा दोष सांगतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. अशाच एका जुन्या विद्यार्थ्याने मला विचारले, ‘सर, टर्बो गाडीचे प्लग पांढरे निघाले. उस्ताद म्हणतात पेट्रोल कमी पडतंय. गाडीवाला म्हणतो, स्कॅनर लावून बघितला तर सगळं बरोबर. खरं कोणाचं?’

प्रश्न गॅरेजातला असला तरी त्याचा संबंध आपल्या घरांशी आहे. लहान टर्बो पेट्रोल इंजिनांच्या गाड्या आता आपल्याकडे सर्रास दिसतात. सेकंडहँड बाजारातही त्या भरपूर येतात आणि वर्षानुवर्षे साठवलेले पैसे घालून लोक त्या घेतात. प्लग चुकीचा वाचला तर एक तर नको तो खर्च होतो किंवा करायला हवा तो राहून जातो आणि पिस्टन जळतो. म्हणून या महिन्यात प्लगविषयी.

आधी हवा आणि पेट्रोल यांचा हिशेब पाहू. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला ती थोडी कमी, साडेतेरा पटीच्या आसपास लागते, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो. पेट्रोल या प्रमाणापेक्षा जास्त झाले की मिस्त्री मिक्श्चर ‘रिच’ झाले म्हणतात, कमी झाले की ‘लीन’. रिचमध्ये काजळी धरते आणि पेट्रोल वाया जाते. लीनमध्ये, विशेषतः इंजिनावर जोर असताना, उष्णता वाढते.

टर्बो म्हणजे काय? सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसवलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. चक्राचे फेरे मिनिटाला लाखाच्याही वर जातात. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनीअरने 1905 साली या कल्पनेचे पेटंट घेतले. विक्रीच्या मोटारींत ती 1962 साली अमेरिकेत आली. त्यांपैकी ओल्डस्मोबिल जेटफायर या गाडीत पाणी आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. टर्बो जोरात असताना ते मिश्रण इंजिनात फवारले जाई, म्हणजे आतली उष्णता आटोक्यात राही. टर्बोची खरी अडचण उष्णतेचीच आहे, हे तेव्हाच कळले होते.

आजच्या गाड्यांत ते काम बऱ्याच अंशी पेट्रोलच करते. सपाट रस्त्यावर सावकाश जाताना इंजिनाचा संगणक 14.7 च्या आसपासचे प्रमाण राखतो. पण पाय दाबला, टर्बोचा दाब चढला, की अनेक गाड्यांत तो मुद्दाम पेट्रोल वाढवतो आणि प्रमाण साधारण बारापर्यंत आणतो. जास्तीचे पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषते आणि आतले मिश्रण थंड ठेवते. म्हणून टर्बो गाडीत नेमक्या जोराच्या वेळी लीन होणे सर्वांत घातक.

आता प्लग. हकीमसाहेब नाडीवर बोट ठेवण्याबरोबर जीभ बाहेर काढायला सांगतात, तसा प्लग ही इंजिनाची जीभ समजा. प्रत्येक सिलिंडरची वेगळी. धुराच्या नळीतला सेन्सर सगळ्या सिलिंडरांचा मिळून एक आकडा देतो. तीनपैकी एका सिलिंडरचा इंजेक्टर अर्धवट तुंबला असेल, तर त्या आकड्यात तो सहज लपून जातो. प्लग मात्र त्या एका सिलिंडरकडे बोट दाखवतो. स्कॅनर आल्यावरही जुन्या हुनराची गरज संपलेली नाही, ती यामुळेच.

प्लगवर तीन जागा पाहायच्या. मधल्या टोकाभोवतीचा चिनी मातीचा पांढरा भाग, वरून वाकून आलेली धातूची पट्टी आणि आट्यांच्या टोकाची धातूची कडा.

चिनी मातीवर फिकट तपकिरी किंवा राखाडी छटा असेल तर तब्येत ठीक. कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी असेल तर मिक्श्चर रिच आहे, किंवा गाडी फक्त जवळच्या फेऱ्या मारते आणि प्लग पुरेसा तापतच नाही. प्लगचे टोक साधारण 450 ते 500 अंश सेल्सिअसला पोचले की काजळी आपोआप जळून जाते. शाळा, बाजार, मशीद एवढ्याच फेऱ्या करणाऱ्या गाडीचा प्लग काळा असला म्हणून लगेच इंजेक्टर बदलायला निघू नका. काळा थर ओला आणि तेलकट असेल तर इंजिन ऑइल आत येते आहे. रिंग, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचे सील, यांपैकी कुठून ते शोधावे लागेल. प्लगला पेट्रोलचाच वास येत असेल आणि तो ओला असेल तर ठिणगीच पडत नाही. आधी कॉइल तपासावी.

सगळ्यांत एकच प्लग धुऊन काढल्यासारखा स्वच्छ आणि बाकीचे नेहमीसारखे, असे दिसले तर सावध व्हा. त्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपत असू शकते, म्हणजे हेड गॅस्केटची शंका. रेडिएटरच्या टाकीतली पातळी मुकाट्याने खाली जाते का, ते पाहा.

आणि पांढरा प्लग? आमच्या विद्यार्थ्याचे उस्ताद पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि कार्बोरेटरच्या गाड्यांवर शिकले. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे आणि त्याचा रंग प्लगवर चढे. बदामी म्हणजे बरोबर आणि पांढरा म्हणजे लीन, हा नियम त्या काळचा आहे आणि त्या काळासाठी तो खरा होता. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यात संगणकाने मोजून दिलेले इंजेक्शन आणि आता इथेनॉल. आजच्या निरोगी इंजिनाचा प्लग बराच काळ जवळजवळ पांढराच राहतो. नुसत्या रंगावरून लीन ठरवता येत नाही.

मग लीन किंवा अतिउष्ण कसे ओळखायचे? रंगापेक्षा पृष्ठभाग पाहा. घरातले साधे भिंग पुरते. चिनी माती खडबडीत, फोड आल्यासारखी किंवा काचेसारखी चकचकीत झाली आहे का? तिच्यावर मिरपूड शिंपडल्यासारखे बारीक काळे ठिपके किंवा चांदीसारखे चमकणारे कण आहेत का? ते चमकणारे कण पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात. नॉकिंगमुळे पिस्टनचा पृष्ठभाग झडू लागल्याची ती खूण. असे दिसल्यावर गाडी आणखी एक किलोमीटरही जोरात पळवू नये. मधल्या टोकाच्या कडा वितळलेल्या असतील तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेते आहे. टोकाचे तापमान साडेआठशे अंशांच्या पुढे गेले की हा धोका सुरू होतो.

वाकलेल्या पट्टीवर उष्णतेने रंग बदलल्याची एक रेघ दिसते. ती साधारण वळणाच्या जागी असावी. रेघ आट्यांच्या बाजूला पार बुडापर्यंत उतरली असेल तर प्लग गाडीच्या मानाने ‘गरम’ जातीचा आहे किंवा टायमिंग जास्त पुढे आहे. इथे एक घोटाळा नेहमी होतो. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये नेमके उलटे. कंपनी बदलताना आकडा तोच ठेवला तर प्लग भलताच बसतो. मॅन्युअलमधला नंबरच घ्यावा.

पुढचा प्रश्न असा, की प्लग नेमकी कोणत्या वेळची हकीकत सांगतो आहे? गॅरेजच्या दारात पाच मिनिटे आयडलवर उभ्या राहिलेल्या गाडीचा प्लग त्या पाच मिनिटांची काजळी दाखवतो. घाट चढताना टर्बो पूर्ण दाबात असताना काय झाले, हे तो रंगावरून सांगू शकत नाही. पूर्वी शर्यतीवाले नवे प्लग घालून पूर्ण जोरात गाडी पळवत, तिथल्या तिथे इंजिन बंद करून प्लग काढून पाहत. आपल्या मुलांनी हा प्रयोग रस्त्यावर कधीही करू नये. चालत्या गाडीचे इंजिन बंद केले की ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते, आणि त्याच रस्त्यावर दुसऱ्याचे मूलही चालत असते. जोरातले मिक्श्चर पाहायचे तर डायनोवर, वाइडबँड सेन्सर लावून पाहावे. आकडा सेन्सरकडून घ्यावा आणि एखादे सिलिंडर वेगळे वागते का, ते प्लगकडून.

म्हणून विद्यार्थ्याला मी सांगितले, प्लग पांढरे पण गुळगुळीत, एकसारखे, कण नाहीत, आणि स्कॅनरवरही दोष नाही, तर गाडी ठीक आहे. पेट्रोल वाढवायला आता स्क्रू नाही, आणि कारणही नाही. एकच प्लग वेगळा असता तर इंजेक्टर पाहिला असता. सगळे फोड आलेले असते तर पेट्रोल पंपाचा दाब, फिल्टर आणि हवेची गळती पाहिली असती.

प्लग काढण्याचीही एक रीत आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण गरम अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे प्लगबरोबर निघून येऊ शकतात. खड्ड्यातली माती आधी हवेने उडवावी, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. काढलेले प्लग अंड्याच्या रिकाम्या ट्रेमध्ये एक, दोन, तीन अशा क्रमाने ठेवावेत. क्रम चुकला की वाचलेले सगळे वाया. इरिडियम प्लगला तारेचा ब्रश लावू नये. टर्बो गाडीत प्लगची फट साध्या गाडीपेक्षा बहुधा कमी असते, कारण दाबलेल्या हवेतून ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागते. बसवताना आधी हाताने फिरवावे आणि शेवटी टॉर्क पान्याने आवळावे.

गाडी चालवणाऱ्या भावा-बहिणींसाठीही एक गोष्ट. लहान टर्बो इंजिनाला कसारा घाटात वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर रेटून नेऊ नका. खालचा गिअर टाका. कमी फेरे आणि जास्त दाब अशा वेळी मिश्रण अवेळी पेटण्याची शक्यता वाढते. ऑइलही कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच वापरा, कारण त्याचाही या दोषाशी संबंध असतो. आणि रीमॅप करून टर्बोचा दाब वाढवून घेणाऱ्या तरुणांनी प्लगची जात, पेट्रोलचा ऑक्टेन आणि पिस्टनची ताकद यांचा विचार दाब वाढवण्याआधी करावा.

जुनी टर्बो गाडी घ्यायची असेल तर सौदा पक्का करण्याआधी विश्वासातल्या मिस्त्रीला घेऊन जा आणि प्लग काढून पाहू द्या, असे विक्रेत्याला सांगा. अर्ध्या तासाचे काम आहे. तो नाहीच म्हणाला, तर त्या नकाराचाही विचार करावा.

गॅरेजातल्या मुलांना शेवटी एवढेच सांगायचे आहे. गिऱ्हाइकाला प्लग वाचता येत नाही, म्हणून तुमचा शब्द त्याच्यासाठी अमानत आहे. चांगला प्लग खराब म्हणून दाखवणे हे तराजूत दांडी मारण्यासारखेच आहे, आणि मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात ‘मुतफ्फिफीन’ नावाची एक पूर्ण सूरह आहे, हे आपल्याला मदरशातच शिकवलेले असते. काढलेला प्लग गिऱ्हाइकाच्या हातात द्या, दोष भिंगातून दाखवा, मग पैसे सांगा. आणि एक वही ठेवा. गाडी, किलोमीटर, प्लगचा नंबर, कोणत्या सिलिंडरवर काय दिसले आणि शेवटी दोष काय निघाला. वर्षभरात ती वही कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त शिकवील.

पालकांनो, मुलगा गॅरेजात रमला असेल तर त्याला नालायक ठरवू नका, पण तिथेच थांबूही देऊ नका. दहावी पूर्ण करून आयटीआयचा मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो. उस्तादाने दिलेले हुनर आणि हातात प्रमाणपत्र, दोन्ही असले की त्याला नोकरी मागता येते आणि स्वतःचे दुकानही टाकता येते. या वर्षीच्या प्रवेशाची चौकशी जवळच्या आयटीआयमध्ये आजच करा. अल्लाह आपल्या मुलांच्या हातांना बरकत देवो.