खिडक्या, वारा आणि तवक्कुल

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्याने घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्यालगतून गेले. तेव्हापासून घर दुरुस्तीला काढले की प्रश्न येतो : वादळात टिकणाऱ्या खिडक्या बसवायच्या का?

आमच्या घरातही यंदा हीच चर्चा आहे. आखातातला भाऊ पैसे पाठवायला तयार आहे. अम्मी म्हणतात, “होणारे अल्लाहच्या मर्जीने होईल. पैसा नातीच्या शिक्षणाला ठेवा.” पण उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. तदबीर तवक्कुलच्या आड येत नाही. मात्र गरजेपेक्षा जास्त खर्च हा इस्राफ, हेही खरे.

मग गरज किती? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. काच फुटली की वारा आत शिरून छपराला खालून उचलतो. म्हणून वादळात खिडक्या उघड्या ठेवणे चूक आहे. काचेवर चिकटपट्ट्या लावूनही काच वाचत नाही. टफन्ड काच मजबूत असते, पण फुटली की तिचा चुरा होऊन वाट मोकळी होते. लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या पातळ थरामुळे जागेवर राहते. मात्र ती महाग असते. शिवाय चौकटच भिंतीत पक्की नसेल तर भारी काच काय कामाची?

आम्ही असे ठरवले : आधी छपराचे पत्रे आणि वासे आवळून घ्यायचे. मग समुद्राकडच्या खिडक्यांना जुन्या घरांसारख्या जाड लाकडी झडपा आणि आडवा अडसर. लॅमिनेटेड काच फक्त अम्मींच्या खोलीला. व्याजाचे कर्ज नाही, मुलीच्या फीला हात नाही.

अम्मींनी होकार दिला, पण एक अट घातली. शेजारी एकट्या राहणाऱ्या चाचींचे पत्रेही त्याच मिस्त्रीकडून आवळून घ्यायचे. शेजाऱ्याचा हक तर आहेच. आणि वादळात आपली काच फोडतो तो बहुतेक वेळा शेजारचाच सुटलेला पत्रा असतो.