तराफा किती बुडाला होता?

युरोपातील रोमँटिक चित्रकारांनी फुटलेली जहाजे पुष्कळ रंगवली. त्यांवर लिहिणारे बहुधा ‘समुद्राचे रौद्र सामर्थ्य’ या शब्दांपाशी थांबतात. झेरिको या फ्रेंच चित्रकाराच्या ‘मेद्यूजचा तराफा’ (१८१९) या चित्राबाबत तरी मला ते पटत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील हे चित्र आर्किमिडीजच्या तत्त्वाबरोबर वर्गात दाखवावे, असे माझे मत आहे.

२ जुलै १८१६ रोजी ‘मेद्यूज’ हे जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर रुतले. तेव्हा वादळ नव्हते. कप्तान सुमारे २० वर्षे समुद्रापासून दूरच होता. राजनिष्ठा हीच त्याची पात्रता! होड्या अपुऱ्या, म्हणून डोलकाठ्या व फळ्या बांधून सुमारे २० मीटर लांब आणि ७ मीटर रुंद तराफा केला. त्यावर १४७ माणसे चढवली. होड्यांनी तो ओढत न्यायचा होता. पण दोर सोडून दिले गेले.

तराफ्यावर माणसे कमरभर पाण्यात उभी होती. का? हिशेब करून पाहा. एक घनमीटर लाकूड १,०२५ किलोग्रॅम समुद्रजल बाजूला सारते. त्याचे स्वतःचे वस्तुमान ६०० किलोग्रॅम धरले, तर ते फार तर ४२५ किलोग्रॅम भार पेलेल. माणशी ६० किलोग्रॅम, म्हणजे एकूण ८,८२० किलोग्रॅम. त्यासाठी सुमारे २१ घनमीटर लाकूड हवे, तेही पूर्ण बुडालेले. सगळे लाकूड बुडाले की त्याची शक्ती संपली. मग उरलेला भार माणसांच्या शरीरांवरच येतो. शरीर कमरेपर्यंत पाण्यात गेले की जवळजवळ निम्मे वजन पाणी पेलते.

आता चित्र पाहा. फळ्या पाण्यावर आहेत! झेरिको चुकला काय? मुळीच नाही. त्याने वाचलेल्यांना गाठून माहिती घेतली, त्यांच्यातील सुताराकडून तराफ्याची प्रतिकृती करवून घेतली. चित्र आहे सुटकेच्या, तेराव्या दिवसाचे. तेव्हा १५ जण जिवंत होते. त्यांच्या ९०० किलोग्रॅमला दोन-सव्वादोन घनमीटर लाकूड पुरते. फळ्या वर आल्या त्या माणसे कमी झाली म्हणून. काही दुर्बळांना तर सोबत्यांनीच पाण्यात लोटले होते.

कप्तान होडीतून सुखरूप किनाऱ्याला पोहोचला. १८१७ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद झाली.