प्रामाणिकपणाची टक्केवारी

तळहातावर बॉलपेनने दोन सूत्रे लिहून परीक्षेला बसलेल्या मुलाचे काय होते? मुंबई विद्यापीठाचा त्यासाठी स्वतंत्र अध्यादेश आहे. त्याचा क्रमांक 5050. क्रमांक देणाऱ्याला विनोदबुद्धी होती की तो निव्वळ योगायोग, हे सोडून देऊ. पण आतल्या शिक्षांच्या कोष्टकात फिफ्टी-फिफ्टी काही नाही. जवळ चिठ्ठी सापडली की त्या परीक्षेतली सगळी कामगिरी रद्द. एका पेपरापुरती नव्हे, सगळ्या पेपरांची; चिठ्ठी उघडूनही पाहिलेली नसली तरी. त्यातून खरोखर उतरवून काढले असेल तर पुढच्या आणखी एका परीक्षेलाही बसता येत नाही. तळहातावर, अंगावर किंवा कपड्यांवर लिहिणे हे चिठ्ठी बाळगण्याच्याच बरोबरीचे. दोन सूत्रांपायी अख्खे सत्र पाण्यात. भरारी पथकासमोर बूट-मोजे काढून उभे राहण्याची शोभा झाली ती वेगळीच.

आता कोणत्याही विद्यापीठाच्या जरा बऱ्या इमारतीत, पीएच.डी.च्या विभागात, चला. तिथे चिठ्ठी हा शब्द नाही. तिथे ‘सिमिलॅरिटी’ असते, म्हणजे साम्य. उचलेगिरीला साम्य म्हटले की निम्मे पातक तिथल्या तिथे धुऊन निघते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले आणि या साम्याचे दरपत्रकच लावून दिले. दहा टक्क्यांपर्यंत साम्य म्हणजे पातळी शून्य, शिक्षा नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर सुधारून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा सादर करा. चाळीसच्या वर साठपर्यंत असेल तर वर्षभर थांबा. साठच्या वर गेलात तरच नोंदणी रद्द. अडीचशे पानांचा प्रबंध धरला तर ढोबळ हिशेबाने शंभर पाने दुसऱ्याची निघाली तरी व्यवस्था एवढेच म्हणते : नीट करून आणा. तळहातवाल्या पोराला ‘हात धुऊन ये आणि पुन्हा बस’ असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

प्राध्यापकांचे दर निराळे. साठ टक्क्यांच्या वर उचल सापडली तर लेख मागे घ्यायचा, लागोपाठ दोन वार्षिक वेतनवाढी सोडायच्या आणि तीन वर्षे मार्गदर्शनासाठी नवा विद्यार्थी घ्यायचा नाही. ही शेवटची शिक्षा आहे की रजा, हे विभागातल्या मंडळींना खासगीत विचारावे. नोकरीवर गदा यायची तर तोच पराक्रम वरच्या पातळीवर पुन्हा करून दाखवावा लागतो.

टक्केवारी हा शब्द मराठी माणसाला कंत्राटांच्या संदर्भात चांगला कळतो, त्यामुळे तो प्रामाणिकपणालाही लागू झाला याचे नवल वाटायला नको. आयोगावर अन्याय करू नये, म्हणून सांगायला हवे की आकडा आला तो काही कारणाने आला. त्याआधी उचलेगिरी ठरवायची ती समितीने, आणि समिती म्हणजे कोण कोणाचा विद्यार्थी, कोण कोणाच्या मुलाखतीला तज्ज्ञ म्हणून बसला होता, याचे गणित. आकड्याला गुरू नसतो, गट नसतो. एवढा त्याचा फायदा खराच. पण ‘नीट करून आणा’ ही परंपरा आकड्याच्याही आधीची आहे, आणि ती वरून खाली आली आहे. 2010 मध्ये देशातल्या सहा विज्ञान अकादम्यांनी मिळून जनुकबदल केलेल्या पिकांवर, म्हणजे मुख्यतः बीटी वांग्यावर, अहवाल दिला. त्यातल्या ओळीच्या ओळी आधी छापून आलेल्या एका लेखातून जशाच्या तशा आल्याचे उघड झाले. दिलगिरी व्यक्त झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुधारित अहवाल सादर झाला. देशातल्या सर्वोच्च वैज्ञानिकांना जी सवलत, ती पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला नाकारायची कशी?

विनियमांतली खरी गंमत वगळलेल्या गोष्टींत आहे. सलग चौदा शब्दांपर्यंतचे साम्य योगायोग म्हणून सोडून द्यावे, असे तिथे म्हटले आहे. आपल्याकडे विद्या मुळात चौदाच, तेव्हा शब्दही तेवढेच मोकळे सोडले हे परंपरेला धरूनच झाले. प्रस्तावना आणि ऋणनिर्देशही मोजणीतून वगळले आहेत. हे ज्याने लिहिले त्याने प्रबंध वाचलेले असणार. ‘ज्यांच्या अमूल्य मार्गदर्शनाशिवाय हे शोधकार्य पूर्णत्वास गेले नसते’ इथून निघून पत्नीने आणि मुलांनी सोसलेल्या गैरसोयीपाशी थांबणारी ती दोन पाने मोजायला घेतली असती, तर महाराष्ट्रातली एकही नोंदणी शिल्लक राहिली नसती.

हे सगळे मोजते ते सॉफ्टवेअर, आणि त्याचे वाचन इंग्रजीत बरे असले तरी मराठीत कच्चे आहे. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे श्रीलिपी, शिवाजी वगैरेंत, टाइप केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो. यंत्राच्या लेखी ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ असते. भेळेचे साम्य युनिकोडमधल्या मजकुराशी कसे जुळणार? अहवाल येतो तो शुभ्र. तालुक्याच्या ग्रंथालयातले साठ वर्षांपूर्वीचे, कुठेही स्कॅन न झालेले पुस्तक प्रकरणांसह उतरवले तरी साम्य शून्य. इंग्रजी लेख भाषांतर करून घातला तरी बहुधा तेच. यंत्र शब्द जुळवते. विचार कोणाचा, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नाही.

इंग्रजीवाल्यांना मात्र कष्ट पडतात. साम्य उतरावे म्हणून ते शब्दांच्या जागी यंत्राकडून पर्यायी शब्द भरून घेतात. 2021 मध्ये काही संशोधकांनी अशा लेखांची छाननी केली तेव्हा त्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागी ‘बनावट जाणीव’ आणि स्तनाच्या कर्करोगाच्या जागी ‘उरावरचे संकट’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्दप्रयोग छापलेले सापडले, तेही शास्त्रीय नियतकालिकांत. अशा प्रयोगांना त्यांनी नाव दिले : छळलेले शब्द. साम्य शून्य, अर्थही शून्य, आणि नियमाप्रमाणे सगळे स्वच्छ.

विद्यापीठांच्या आसपास झेरॉक्स आणि बाइंडिंगच्या दुकानांची रांग असते. परीक्षेच्या दिवसांत तिथे गाईडची पाने काडेपेटीत मावतील इतकी बारीक करून मिळतात. ते मायक्रो-झेरॉक्सचे गिऱ्हाईक अठरा-एकोणीस वर्षांचे, घाबरलेले, सुटे पैसे मोजून देणारे. त्याच गल्ल्यावर दुसरे गिऱ्हाईक येते. त्याच्या काखेत स्पायरल बाइंडिंग असते आणि त्याला साम्य दहाच्या खाली आणून हवे असते. पहिल्याला दुकानदार ‘काय रे’ म्हणतो, दुसऱ्याला ‘या सर’. प्रबंध कुठल्या भाषेत आहे, एवढे तो विचारून घेतो. मराठीत आहे म्हटल्यावर पेन ड्राइव्ह परत देतो आणि म्हणतो, ‘मग कशाला पैसे घालवता, सर? तसाच टाका.’