कान कामगाराचा, हिशेब मालकाचा

कचेरीतील गोंगाटाचा कामगाराच्या उत्पादकतेवर काय परिणाम होतो, हे शोधण्यासाठी आता आभासी वास्तवाचे तंत्र वापरले जाते. रिकाम्या खोलीत बसवलेल्या माणसाच्या डोळ्यांवर यंत्र चढवायचे, कानांवर ध्वनिसाधन लावायचे आणि आपण भरगच्च कचेरीत बसलो आहोत असा भास त्याला करून द्यायचा. मग शेजारच्या मेजावरचे बोलणे वाढवायचे, दूरध्वनी खणखणवायचा आणि त्याच्या चुका मोजायच्या. तंत्राच्या कौशल्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो प्रश्नाबद्दल. गोंगाटाने माणसाचे काय होते हा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. त्याच्या हातून होणाऱ्या कामाचे काय होते, एवढाच उरतो.

या संशोधनाचा एक निष्कर्ष जुनाच आहे. यंत्राच्या एकसुरी घरघरीपेक्षा कानावर पडणारे, अर्थ लागणारे बोलणे लक्ष अधिक विचलित करते. मान्य. पण कचेऱ्यांतील भिंती पाडल्या कोणी? कमी जागेत अधिक माणसे बसावीत, भाडे वाचावे आणि साऱ्यांवर एका नजरेत देखरेख ठेवता यावी, म्हणून व्यवस्थापनांनीच त्या पाडल्या. आधी भिंत काढून पैसा वाचवायचा आणि नंतर भिंतीची गरज आहे की नाही हे तपासायला प्रयोगशाळा उभारायची, असा हा व्यवहार आहे.

उत्पादकतेच्या निकषातच मूळ दोष आहे. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकात वेस्टन आणि ॲडम्स या संशोधकांनी विणकरांना कर्णरक्षक देऊन प्रयोग केले. एकूण उत्पादनात पडलेली भर थोडीच होती. कारण उघड आहे: कापड किती निघायचे हे मुख्यतः मागाची गती ठरवते, विणकराचा कान नव्हे. मग केवळ उत्पादनाच्या तराजूत तोलले तर विणकराच्या श्रवणशक्तीची किंमत जवळजवळ शून्य भरते. माणूस बहिरा होतो, पण माग चालूच राहतो. अर्थशास्त्र ज्याला बाह्य खर्च म्हणते तो हाच: नफ्याच्या वहीत त्याची नोंद नसते, तो कामगाराच्या घरी चुकता होतो.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव आणि सोलापूर येथील यंत्रमागांच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पलीकडे सहज जातो. शेजारच्याशी बोलायचे तर खुणा कराव्या लागतात. लातूर-उदगीरच्या डाळ गिरण्यांत काय वेगळे आहे? आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात सोयाबीनच्या सुगीत मळणी यंत्रापाशी दिवसभर उभा राहणारा मजूर तर कोणत्याच हिशेबात नाही. त्याच्या कानाजवळ ध्वनिमापक नेण्याची तसदी कोण घेतो? त्याच्या गोंगाटाचा भास निर्माण करण्याची गरज नाही. तो प्रत्यक्ष आहे.

या विसंगतीचे टोक पाहा. प्रयोगात बसणाऱ्या स्वयंसेवकाला शंभर डेसिबलचा आवाज तासन्‌तास ऐकवता येत नाही. संशोधनाची नीती आडवी येते. त्या कानाला जे संरक्षण मिळते ते वीस वर्षे माग चालवणाऱ्या कानाला का मिळू नये? शिवाय तासाभराच्या प्रयोगात चुका मोजता येतात, वर्षानुवर्षे साचत जाणारे बहिरेपण मोजता येत नाही. ते एकदा आले की परतत नाही.

कायदा नाही असेही नाही. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात आवाजाने येणारे बहिरेपण हा कळवणे बंधनकारक असलेला रोग होता. त्याखालील नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल, ४ तासांसाठी ९५ आणि २ तासांसाठी १०० अशी मर्यादा आहे. म्हणजे आवाज आणि तास यांचा गुणाकार हाच धोका. आता सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. त्याच सूत्राने १२ तासांसाठी मर्यादा सुमारे ८७ डेसिबलवर आली पाहिजे. तास वाढवण्याची घोषणा झाली, आवाज उतरवण्याची झाली नाही. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असे उत्तर मिळेल. पण त्याच निर्णयात तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेली आहे. आणि बेकारीच्या छायेत कामगाराने दिलेल्या लेखी संमतीला संमती म्हणायचे का?

नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनी तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १९४८च्या कायद्यातील १० कामगारांवरून २० वर नेली. लहान शेडमध्ये काम करणाऱ्याचे कान लहान नसतात.

आम्ही विज्ञानविरोधी आहोत, असा आरोप होईल. तो निराधार आहे. बांधायच्या शेडचा आवाज आधीच ऐकवणारे हे तंत्र कामगार संघटनेच्या हाती द्या. आराखडा नाकारण्याचा अधिकारही तिला द्या. मग या यंत्राचे स्वागत आम्हीच प्रथम करू.

तोवर मागण्या साध्या आहेत. प्रत्येक शेडच्या दारावर आवाजाची मोजणी लिहिली जावी. कामगारसंख्या कितीही असो, दरवर्षी मोफत श्रवणतपासणी व्हावी. तास वाढले तर आवाजाची मर्यादा त्याच प्रमाणात उतरावी. मळणीच्या मजुरालाही हे संरक्षण मिळावे. या मागण्यांसाठी नव्या प्रयोगाची वाट पाहण्याचे कारण नाही. मोजायचे ते माणसाचे नुकसान. उत्पादनाचा हिशेब त्यानंतर.