सुजेला बाळसं म्हणणारे

कॉलेज हॉकी वाढतेय, वाढतेय, असा गजर अमेरिकेत चालू आहे. हॉकी म्हणजे बर्फावरची. ध्यानचंदांचा इथे संबंध नाही. मी स्केनेक्टडीत राहतो. युनियन कॉलेजच्या मेसा रिंकवर थर्मासमधला चहा घेऊन कुडकुडत बसण्यात माझे कैक हिवाळे गेले. म्हणूनच या गजरात मी टाळ कुटणार नाही.

हे युनियन केवढं? जेमतेम दोन-सव्वादोन हजार विद्यार्थ्यांचं. खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची त्याला तेव्हा मुभाही नव्हती. तरी १२ एप्रिल २०१४ रोजी फिलाडेल्फियात, राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, त्याने मिनेसोटाच्या अवाढव्य विद्यापीठाला ७-४ असं लोळवलं.

आता वाढीचा हिशेब मांडू. नैसर्गिक वायूवर गबर झालेल्या टेरी पेगुलांनी २०१० साली पेन स्टेट विद्यापीठाला ८ कोटी ८० लाख डॉलर दिले. संघ उभा राहिला. लगेच २०१३ मध्ये बिग टेन या बड्या विद्यापीठांच्या गटाने हॉकीत सहा बड्यांची वेगळी पंगत मांडली. त्या धक्क्यात जुनी सीसीएचए लीग मोडली, डब्ल्यूसीएचए खिळखिळी झाली. २०१९ मध्ये तिथल्याही सात कॉलेजांनी बाडबिस्तरा गुंडाळायचं जाहीर केलं. मागे उरले अलास्कातले दोन संघ आणि अलाबामा-हंट्सव्हिल.

हॉकी दक्षिणेत न्यायची, असं छाती ठोकून सांगणाऱ्यांकडे दक्षिणेतला हा संघ आधीपासून होता! २०२० मध्ये विद्यापीठ तो बंद करायला निघालं, तर चाहत्यांनी आठवडाभरात वर्गणी काढून वाचवला. पण एकाही लीगने त्याला पाट दिला नाही. २०२१ मध्ये कारभार आटोपला. वर्गणीने पैसा उभा राहतो, पंगतीत जागा मिळत नाही.

खेळाडूंना पैसे मिळू लागले, हे उत्तमच झालं; इतकी वर्षं फुकट राबवलं, हीच लाज. ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या पोरांनाही दार उघडलं. त्यांतलाच गॅव्हिन मॅकेना पेन स्टेटला गेला. त्याला सुमारे ७ लाख डॉलर मिळणार, अशा बातम्या आल्या. त्याचं भलं होवो. पण हंगाम संपला की कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंचं ट्रान्स्फर पोर्टल उघडतं, आणि छोट्या कॉलेजाने दोन वर्षं घासूनपुसून घडवलेला पोरगा बड्यांच्या दारात उभा! घडवणाऱ्याच्या हाती काय? साधी पोचपावतीही नाही. फुटबॉलमध्ये फिफाच्या नियमाने घडवणाऱ्या क्लबला भरपाई मिळते. इथे मात्र आयत्या पिठावर रेघोट्या.

छोट्यांची गत काय होते पाहा. स्प्रिंगफील्डच्या अमेरिकन इंटरनॅशनल कॉलेजने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत अव्वल मानांकित सेंट क्लाउड स्टेटला २-१ ने घरी पाठवलं होतं. २०२४ मध्ये त्यानेच पहिल्या श्रेणीतून अंग काढून घेत असल्याचं जाहीर केलं.

‘अहो, नवे संघही आले ना!’ आले की. ॲरिझोना स्टेट आलं, ऑगस्टाना आलं. पण बारशाची यादी मिरवणाऱ्यांनी मर्तिकाची वही माळ्यावर का टाकली?

माझं मागणं साधं आहे. पोर्टलमधून पोरगा उचलणाऱ्याने घडवणाऱ्याला मोबदला द्यावा. लीग मोडून निघणाऱ्याने मागे राहिलेल्यांची सोय लागेपर्यंत पाय काढू नये. हे जमत नसेल, तर निदान ‘वाढ’ म्हणू नका. हातपाय वाळत चालले आणि पोट तेवढं फुगलं, तर त्या पोराला कुठलीही आजी बाळसेदार म्हणत नाही; ती आधी वैद्याकडे पळते.