मग उलटा करून बघा



मागच्या आठवड्यात पुण्याहून भाचा आला, येताना माझ्यासाठी चिनीमातीचा एक मग घेऊन आला. मगावर जुनी जाहिरात छापलीय, 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची. कर्णा असलेला फोनो आणि त्याच्यापुढे मान तिरकी करून बसलेला कुत्रा. मला गाण्याचा नाद आहे हे त्याला ठाऊक. मी तो मग शोकेसमध्ये न ठेवता रोजच्या चहाला घेतला.

परवा स्वाध्यायाला जमलेल्यांपैकी दोघींच्या तो नजरेस पडला. एक म्हणाली, "अगं, यात हाडं असतात, तुला चालतं कसं?" दुसरीने तोडगा काढला, "फेकू नकोस. भांडीवाल्या मावशीला देऊन टाक, तिला चालतं."

मी तेव्हा गप्प बसले, घरी पाहुणे होते म्हणून. आता बोलते.

आधी दुसरीचं. जनावराच्या हाडाचा कप आपल्या ओट्यावर पाप आणि मावशीच्या ओट्यावर चालतो, हा हिशोब कुणी शिकवला आपल्याला? ते जनावर मेलं ते मेलंच, कप कुणाच्या घरी गेला म्हणून उठून उभं राहत नाही. आपण फक्त हात झटकले, वर दान केल्याचं समाधान. मावशी मांसाहार करते म्हणून तिला काहीही द्यावं का? मला तर यात दया कुठेच दिसत नाही, तोरा दिसतो.

आता पहिलीचं. हाडं असतात ती बोन चायनात. जनावरांची हाडं जाळून त्यांची राख मातीत मिसळतात, थोडीथोडकी नाही, जुन्या इंग्रजी पद्धतीत निम्मी राखच. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जोसाया स्पोडने हे मिश्रण बसवलं. त्या राखेमुळेच कप पातळ, पांढराशुभ्र आणि तरी मजबूत होतो. तो आपल्या घरात नको, यावर माझं दुमत नाही. पण प्रत्येक चिनीमातीचा कप बोन चायना नसतो. खुर्ज्याकडून येणारे जाड, जड मग माती, गारगोटीची पूड आणि फेल्डस्पार नावाचा दगड यांचे असतात. उजेडासमोर धरून बोटाची सावली आरपार दिसते का बघा, असं मोबाईलवर फिरतं. ती खूण अर्धीच खरी. सावली दिसलीच नाही तर बहुधा बोन चायना नाही, पण दिसली म्हणून आहेच असंही नाही, कारण हाडाविना केलेल्या पोर्सेलिनमधूनही उजेड जातो. मग उलटा करायचा, बुडावरचा शिक्का वाचायचा, नसेल तर दुकानदाराला विचारायचं. एवढं न करता फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर कुणाच्या भेटीला हाडं म्हणायचं, याला मी विवेक म्हणत नाही.

आणि त्या दोघींना जे दिसलंच नाही ते मगावरच्या चित्रातच आहे. त्या फोनोवर वाजणारी तबकडी कशाची? लाखेची. 1902 साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपल्या देशात वाजलेल्या तबकड्या लाख, दगडाची पूड आणि काजळी यांच्या लगद्याच्या. लाख म्हणजे किड्यांनी स्वतःभोवती केलेलं घर. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवर त्यांच्या वस्त्या असतात. फांद्या तोडून, खरवडून ती काढतात, त्यात जीव किती जातात ते मोजता येत नाही. आपल्या किनवटच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाला पळस फुलतो तेव्हा आपण फोटो काढतो, पण हे कुणाच्या मनात येत नाही.

श्रावकाला वर्ज्य पंधरा कर्मादानं स्वाध्यायात आपण ऐकतो. त्यात दंतवाणिज्य आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात दातांबरोबर हाडं, केस, नखं, कातडी हे सगळं त्यात घातलंय, म्हणजे बोन चायनाचा निकाल आठशे वर्षांपूर्वीच लागला. पण त्याच यादीत, त्याच्या शेजारीच, लाक्षावाणिज्य आहे. मग लग्नात नवरीला हौसेने भरतो त्या लाखेच्या बांगड्या? कोश उकळून काढलेल्या रेशमाच्या पैठण्या? मुलीच्या लग्नात मीही नेसले, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मला कुणी हटकलं नाही. उलट पदराला हात लावून किंमत विचारली, आणि विचारणाऱ्यांत मगाला नावं ठेवणारी होतीच.

आमच्या आजोबांकडे फोनो होता. चातुर्मासात संध्याकाळी भजनाच्या तबकड्या लागायच्या, आजी डोळे मिटून ऐकायची. त्या लाखेच्या आहेत हे तिला ठाऊक नव्हतं. तिला मी दोष देत नाही, तिला सांगणारं कुणी नव्हतं. आपल्या तर हातात मोबाईल आहे.

माझ्या मगाच्या बुडावर बोन चायनाचा शिक्का नाही. जाड आहे, जड आहे, उजेडासमोर धरला तर काळाकुट्ट दिसतो. भाच्याला फोन करून दुकानात विचारायलाही लावलं, साधा स्टोनवेअर निघाला. लाखेच्या बांगड्यांचा डबा मात्र कपाटातून काढून टेबलावर ठेवलाय, त्याचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. मावशीला देणार नाही, एवढं नक्की.

रविवारी स्वाध्यायाला दोन्ही घेऊन येते.