अणुवीज हवी, पण जामीन कोण?

विजेचे बिल हा आपल्या घरात येणारा सर्वांत कमी वाचला जाणारा मजकूर असावा. आकडा पाहायचा, कपाळाला आठी घालायची आणि मुदतीच्या आत भरून टाकायचे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. आता तर तेही मोबाइलवर उरकते. ही वीज येते कोठून, ती तयार करण्यासाठी कोणाचे काय जाते, आणि वीस वर्षांनी ती कोठून येणार आहे, हे प्रश्न त्या कागदावर छापलेले नसतात. ते एकदा घरातल्या सर्वांनी मिळून वाचावेत, अशी वेळ आता आली आहे.

३० मे २०२४ रोजी देशातली विजेची कमाल मागणी अडीच लाख मेगावॉटवर पोहोचली. त्या उन्हाळ्यात किती घरांत पहिल्यांदा एसी आला असेल, याची कल्पना आपण आपल्याच इमारतीच्या मागच्या भिंतीकडे पाहून करू शकतो. नवी मुंबईत संगणकांची प्रचंड कोठारे उभी राहत आहेत. त्यांना 'डेटा सेंटर' म्हणतात आणि त्यांना रात्रंदिवस वीज लागते. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे, कारण रात्री दोन वाजता पंप सुरू करायला गेले की वाटेत साप असतो आणि काही तालुक्यांत बिबट्याही असतो. २००५ नंतरची ती वर्षे आपण विसरलेलो नाही. ग्रामीण महाराष्ट्रात बारा-बारा तास भारनियमन होते आणि दहावीची मुले कंदिलाशी अभ्यासाला बसत होती. तेव्हा 'वीज कमी वापरा' हा उपदेश चांगला असला, तरी ज्याच्या घरात आताच पहिला पंखा फिरू लागला आहे त्याला तो करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

यावर सरकारने एक मोठे उत्तर काढले आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जेचे अभियान जाहीर झाले. २०४७ पर्यंत अणुविजेची क्षमता एक लाख मेगावॉट करायची, लहान अणुभट्ट्यांच्या संशोधनासाठी वीस हजार कोटी रुपये ठेवायचे आणि त्यांतल्या किमान पाच भट्ट्या २०३३ पर्यंत चालू करायच्या, असा हा संकल्प आहे. २०२५ साली देशाची अणुविजेची क्षमता होती सुमारे आठ हजार आठशे मेगावॉट. तारापूरची पहिली वीज १९६९ ची. म्हणजे छप्पन्न वर्षांत जे जमले, त्याच्या अकरा पटींहून अधिक आता बावीस वर्षांत जमवायचे आहे.

मी शास्त्रज्ञ नाही. आयुष्यातली कमावती वर्षे बँकेत गेली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण बँकेने एक सवय लावली. समोर आलेला प्रस्ताव कितीही देशहिताचा असो, त्याला तीन प्रश्न विचारायचे: गरज खरी आहे का, पैसे कधी परत येणार, आणि बुडाले तर जामीन कोण? हेच तीन प्रश्न मी अणुविजेला विचारणार आहे.

गरज खरी आहे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असे आहे. हजार मेगावॉटचे कोळशाचे केंद्र वर्षाला चाळीस-पन्नास लाख टन कोळसा जाळते आणि आपल्या कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक असते. ती राख कोठे जाते, हे चंद्रपूर किंवा कोराडीच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही. ती त्याच्या दोरीवरच्या कपड्यांवर असते. तेवढीच वीज देणाऱ्या आपल्या स्वदेशी अणुभट्टीला वर्षाकाठी दीड-दोनशे टन युरेनियम पुरते. तिथे धूर नाही, राख नाही आणि कोळशाच्या वाघिणींची रांगही नाही.

'मग सूर्य आहे ना?' असे कोणी विचारील. आहे, आणि त्याने मोठे कामही केले आहे. जानेवारी २०२५ मध्ये देशाची सौर क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. शेतीच्या पंपांना दिवसा वीज देण्याचा सर्वांत शहाणा मार्ग तोच आहे. पण आपल्या घरात दिवे लागतात ते सूर्य मावळल्यावर. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवायची तर मोठमोठ्या बॅटऱ्या हव्यात, किंवा घाटघरसारखे प्रकल्प हवेत. तिथे वीज स्वस्त असताना पाणी वर चढवतात आणि मागणी वाढली की खाली सोडतात. पण घाटघरची क्षमता अडीचशे मेगावॉट आहे. हे सारे वाढवले पाहिजे आणि ते वाढेलही. तरीही पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यात, रात्री तीन वाजता, रुग्णालयाला आणि कारखान्याला एकसारखी वीज देणारे काहीतरी खाली पायाला असावे लागते. आज तो पाया कोळशाचा आहे. उद्या तो कशाचा असावा, हा खरा प्रश्न आहे.

भीतीचे काय? १९८६ चे चेर्नोबिल आणि २०११ चे फुकुशिमा आठवणाऱ्या माणसाला अडाणी म्हणण्याची आपल्याकडच्या काही तज्ज्ञांना खोड आहे. ती वाईट आहे. जर्मनीसारख्या विज्ञानात पुढारलेल्या देशाने १५ एप्रिल २०२३ रोजी आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या. ते लोक काही अडाणी नव्हेत. दुसरीकडे, तारापूरच्या समुद्रकाठी अर्धशतकाहून अधिक काळ अणुवीज केंद्र उभे आहे, आणि तिथली वीज बराच काळ देशातल्या स्वस्तांतल्या विजेत गणली गेली, हेही खरे आहे. दोन्ही सत्ये एकाच वेळी हातात धरता आली पाहिजेत.

वेळ म्हणजे व्याज

दुसरा प्रश्न पैशाचा आणि त्याहून अधिक वेळेचा आहे. अणुकेंद्राला इंधन थोडे लागते. पैसा लागतो तो बांधकामाला. तो आधी घालायचा आणि वीज विकली जाईपर्यंत त्याचे व्याज मोजत बसायचे. साधा हिशेब सांगतो. शंभर रुपये दहा टक्के चक्रवाढ व्याजाने घेतले, तर सात वर्षांनी ते १९५ होतात आणि चौदा वर्षांनी ३८०. केंद्र तेच, सिमेंट तेच, लोखंड तेच. फक्त उशीर झाला आणि खर्चाचा आकडा दुप्पट झाला. हा उशीर शेवटी येऊन बसतो तो आपल्या बिलात.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहा. गुजरातेत काकरापारच्या तिसऱ्या भट्टीचे काम २०१० मध्ये सुरू झाले आणि तिची व्यापारी वीज मिळू लागली जून २०२३ मध्ये. कुडनकुलमचे बांधकाम २००२ चे, पहिल्या भट्टीची व्यापारी वीज २०१४ च्या अखेरीची. परदेशात याहून बरे नाही. ज्या फ्रेंच बनावटीच्या भट्ट्या आपल्याला राजापूर तालुक्यातल्या माडबनच्या सड्यावर उभारायच्या आहेत, तीच बनावट फ्रान्सने स्वतःच्या फ्लामाँव्हिल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली. २०१२ मध्ये ती पुरी व्हायची होती. तिची वीज जाळ्यात आली २१ डिसेंबर २०२४ रोजी. फिनलंडमधली त्याच जातीची भट्टी २००५ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये कामाला लागली.

जैतापूर प्रकल्पात अशा सहा भट्ट्या आहेत. प्रत्येकी १,६५० मेगावॉट, एकूण ९,९०० मेगावॉट. म्हणजे आज देशात जेवढी अणुवीज क्षमता आहे तिच्याहून जास्त एकट्या एका गावाच्या माथ्यावर! २०१० च्या डिसेंबरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात आले असताना करार झाला. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एका माणसाचा जीव गेला. मूळची फ्रेंच कंपनी बाजूला होऊन दुसरी आली. २०२१ मध्ये तिने आपला प्रस्ताव दिला. युनिट कितीला पडणार, हे मात्र अजून लोकांसमोर आलेले नाही.

महाराष्ट्राने असा एक धडा पूर्वी पैसे भरून शिकलेला आहे. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला आणि २००१ मध्ये थंडावला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, असा तो करार होता. वीज मंडळाला ती वीज परवडेना, आणि न घेणेही परवडेना. सही करण्याआधी जे प्रश्न विचारायचे असतात, ते आपण सही झाल्यावर विचारले.

म्हणून माझे मत असे की, अणुवीज वाढवायची तर आपल्या लोकांना जी बनावट येते तिच्यावर भर द्यावा. ७०० मेगावॉटच्या स्वदेशी भट्ट्या काकरापारला दोन उभ्या राहिल्या, राजस्थानातली एक एप्रिल २०२५ मध्ये वीज देऊ लागली, आणि २०१७ मध्ये मंत्रिमंडळाने अशा दहा भट्ट्यांना एकदम मंजुरी दिली आहे. एकच नकाशा पुन्हा पुन्हा बांधला की गवंड्याचा हात बसतो आणि खर्च उतरतो. जैतापूरचा आकडा आधी मांडा, मग बोलू.

जामीनदाराची सही

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कर्जाच्या कागदावर जामीनदाराची सही घेताना लोकांचे चेहरे मी पाहिले आहेत. कर्जदार हसत असतो, जामीनदार गंभीर असतो. अणुकेंद्राच्या कागदावर जामीनदार म्हणून सही कोणाची?

१९८४ मध्ये भोपाळमध्ये हजारो माणसे मेली आणि १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्या आठवणीतून २०१० चा अणुदायित्व कायदा घडला. यंत्रसामग्री सदोष असेल, तर केंद्र चालवणाऱ्याला पुरवठादाराकडून भरपाई मागता येईल, असे त्यात होते. परदेशी कंपन्यांना ते पसंत नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला. त्याने खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले आणि पुरवठादारावरची ती तरतूद वगळली. आता करारात तसे लेखी असेल तरच भरपाई मागता येईल. मोठ्यात मोठ्या भट्टीसाठीही चालकाच्या दायित्वाची मर्यादा आहे तीन हजार कोटी रुपये. त्यापुढचा भार सरकारचा, म्हणजे तुमचा-माझा.

या कायद्यात चांगलेही आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाला त्याने कायद्याचा आधार दिला. २०१२ मध्ये महालेखापालांनी याच उणिवेवर बोट ठेवले होते. पण ज्याने यंत्र विकले तो मोकळा आणि ज्याच्या शेजारी ते बसवले तो जामीनदार, हा व्यवहार कोणत्याही शाखाधिकाऱ्याने नामंजूर केला असता. कायद्याने वाट ठेवली आहे ती करारातल्या लेखी अटीची. मग ती अट प्रत्येक करारात घातली जावी आणि करार लोकांना वाचायला मिळावा, एवढे मागणे काही फार नाही.

जमीन देणाऱ्याचे खाते

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कोकणातल्या एका शाखेत होतो. जवळच्या एका प्रकल्पात जमीन गेलेली माणसे मोबदल्याचे धनादेश घेऊन येत. ठेवींचे उद्दिष्ट पुरे झाल्याचा आनंद आमच्या काउंटरवर असे. एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, "साहेब, यातनं महिन्याला किती येतील?" मी आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले आणि म्हणाले, "कलमांना मुदत नसते हो." बँकेच्या भाषेत त्यांचे बरोबर होते. ठेवीवरचे व्याज ठरलेले असते, महागाई ठरलेली नसते. त्यांची ती ठेव चार वर्षांत मोडली गेली.

तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वीज २००५-०६ मध्ये आली. पुनर्वसनाच्या तक्रारी मात्र पुढे वर्षानुवर्षे चालू राहिल्या. साखरी नाट्याच्या मच्छीमाराची अडचण तर याहून वेगळी आहे. त्याची जमीन जात नाही, समुद्र जातो. आणि समुद्राचा सातबारा नसतो. भट्टी थंड करून गरम झालेले पाणी किनाऱ्याशी सोडले की मासळीचे काय होईल, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे.

यावर माझी एक सूचना आहे. ७०० मेगावॉटची भट्टी ऐंशी टक्के क्षमतेने चालली, तर वर्षाला सुमारे ४९० कोटी युनिट वीज देते. त्यातला युनिटमागे एक पैसा आजूबाजूच्या गावांच्या नावे ठेवला, तर ते वर्षाला चार कोटी नव्वद लाख होतात. आणि वीज आहे तोवर दरवर्षी. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला त्याचा भार पडेल दोन रुपये. केंद्र मोडीत काढण्याच्या खर्चासाठी आपण आजही युनिटमागे दोन पैसे बाजूला काढतो. यंत्राच्या म्हातारपणाची तरतूद करणाऱ्या देशाला माणसांच्या पोटाची तरतूद जड जाऊ नये.

अणुविजेला माझा विरोध नाही. कोळशाच्या राखेत आणखी दोन पिढ्या वाढू नयेत, असे मला मनापासून वाटते. पण ही वीज गुप्ततेच्या पडद्याआड, 'देशासाठी एवढे सोसा' असे म्हणत आणली गेली, तर प्रत्येक जागी नवे माडबन उभे राहील, प्रत्येक प्रकल्प दहा वर्षे लांबेल आणि वर सांगितलेले व्याज चढत राहील. लोकांना विश्वासात घेणे हा उपकार नाही. खर्च कमी करण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे. दर आधी जाहीर करा, यंत्र विकणाऱ्याची सही घ्या, आणि जमीन व समुद्र देणाऱ्याला विजेच्या उत्पन्नात वाटेकरी करा. खासदार मते मागायला येतील तेव्हा रस्ते आणि गटारांबरोबर या तीन गोष्टींचेही त्यांना विचारा. वीज आपल्या घरात येते, तेव्हा तिचा हिशेबही आपल्या घरात यायला हवा.